गाईंची खुशाली

"गाय ही आमची माता आहे," छातीवर हात ठेवून राजेंद्रराव इंग्रजीत म्हणाले. गाईड जोसेफनं ते मसाईंच्या भाषेत सांगितलं. तेवढ्यात कुंपणातली गाय हंबरली आणि राजेंद्रराव दोन पावलं सरकून बायकोच्या, रत्नमालाबाईंच्या, मागं उभे राहिले.

केनियातल्या या वस्तीत छत्रपती संभाजीनगरचं हे एकच जोडपं आलं होतं. वस्तीतले वडीलधारे लेमायान यांनी रिवाजाप्रमाणं आधी पाहुण्यांच्या गाईंची खुशाली विचारली, मग मुलाबाळांची. "करमाडला आमची शेती आहे. गाई अगदी मजेत," असं सांगून राजेंद्रराव थांबले असते तर निभावलं असतं. पण क्रांती चौकातल्या बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस गोसेवेवर तासभर बोलला.

लेमायान यांची गाय सकाळपासून अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर दिसत होता. म्हातारे हळूच काहीतरी म्हणाले, आणि वस्तीतल्या बाया उठून उभ्या राहिल्या.

"ते म्हणतात, गाईला आई मानणारा पाहुणा दारात आहे," जोसेफ म्हणाला. "पहिला हात त्याचाच लागावा. हा मोठा मान आहे."

"आता गं?" राजेंद्ररावांनी विचारलं.

"आता काय! आई तुमची आहे," रत्नमालाबाई म्हणाल्या.

राजेंद्ररावांनी घड्याळ काढलं. उजवी बाही सावकाश, चार घड्या घालून वर केली. गाईचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. मग त्यांनी मोबाईल काढला आणि करमाडची शेती बटईनं करणाऱ्या कचरूला व्हिडिओ कॉल लावला.

"सायेब, दुसरा पाय आत मुडपलाय! वढू नका, वासरू मरंल!"

"मी कुठं ओढतोय?"

"मंग मागं व्हा. फोन त्या बाबाकडं करा. त्यांचा हात सवयीचा दिसतोय."

लेमायान पुढं झाले. करमाडात कचरू हवेत मनगट वळवून दाखवत होता, इथं म्हातारे मान हलवत होते. दोघांना दुभाषा लागला नाही.

"कळ येऊ द्या... थांबा... आता!"

वासरू घसरून मातीत पडलं. हललं नाही. राजेंद्ररावांनी तोंड फिरवलं, तसा फोनही फिरला; तो रत्नमालाबाईंनी काढून घेतला. लेमायान यांनी वासराच्या नाकातला चिकटा पुसला, फुंकर मारली. पुन्हा मारली. वासरू शिंकलं.

बाया हसू लागल्या. म्हाताऱ्यांनी फोनसमोर वाकून कचरूला आदरानं काही विचारलं. जोसेफनं ते रत्नमालाबाईंना सांगितलं, त्यांनी मराठीत.

"बाबा विचारतायत, तुमच्या गाई बऱ्या आहेत ना?"

"कोन्त्या गाई, बाई?" कचरू म्हणाला. "त्या तं सायेबांनी दोन सालाखाली इकल्या. गोठ्यात आता सायेबांची कार असती."

जोसेफ भाषांतरासाठी थांबला. लेमायान उत्तराची वाट पाहत होते. रत्नमालाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं.

राजेंद्रराव बाहीच्या घड्या एकेक करून उलगडत होते. बाही कोरडीच होती.