उतरलेलं वजन

आनंदराव शाळेत व्यायामशिक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बेसा वस्तीतले लोक त्यांना 'पीटी सर' म्हणूनच हाक मारत. धिप्पाड माणूस, आवाजही तसाच. गेल्या उन्हाळ्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. धंतोलीच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, हृदय अशक्त झालंय. औषधं चुकवू नका, मीठ अगदी कमी, तेलकट टाळा, आणि वजन थोडं उतरलं तर बरं.

सुभद्रानं, त्यांच्या बायकोनं, यातला एकेक शब्द गाठीला बांधला. 'थोडं' हा तेवढा निसटला.

त्या दिवसापासून घरात फोडणीचा आवाज आला नाही. दुधी उकडलेला, दोडका उकडलेला, वरणाचं वरचं पाणी आणि एक कोरडा फुलका. अंडी बंद, दूध बंद, शेंगदाणे बंद. आनंदराव ताटाकडे बघत, दोन घास खात आणि हात धूत. सुभद्रा एकदा म्हणाली, "काहून नाही जेवत तुमी?"

"भूकच नाही लागत वं," ते म्हणाले. तिला ते पथ्याला धरूनच वाटलं.

वजन उतरू लागलं. शर्ट खांद्यावरून ओघळू लागला. शेजारचे मनोहरराव फाटकाशी थांबून म्हणाले, "सर, तुमी तर जवान दिसून राहिले." सुभद्राला कोणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं झालं.

दिवाळीला मुलगी श्वेता अमरावतीहून आली. उन्हाळ्यानंतर ती बाबांना पहिल्यांदाच भेटत होती. रोज बघणाऱ्यांना जे दिसलं नव्हतं, ते तिला दारातच दिसलं. गालाची हाडं वर आलेली, दंड काठीसारखे. पाया पडताना तिचा अंगठा त्यांच्या घोट्यावर टेकला आणि तिथं खड्डा पडला. तो भरून यायला वेळ लागला. जेवण झाल्यावर बाबा पाटावरून उठले, ते भिंतीला धरून.

"आई, बाबांना कधीपासून असं आहे?"

"असं म्हणजे? वजन कमी झालं त्यांचं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं."

श्वेता वाद घालत बसली नाही. भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं दोघांना धंतोलीला नेलं.

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, दंड चाचपला, आणि त्यांना आहारतज्ज्ञ गार्गी मॅडमकडे पाठवलं. गार्गी श्वेताच्याच वयाची होती. तिनं विचारलं, सकाळपासून काय काय खातात? सुभद्रानं अभिमानानं सगळं सांगितलं. गार्गीनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"काकू, मीठ तुम्ही सांभाळलंत, ते फार चांगलं केलंत," ती म्हणाली. "पण काकांच्या अंगावरचं जे उतरलंय, त्यात चरबी थोडी आहे आणि मांस जास्त. हृदय अशक्त असलेला माणूस असा झडायला लागला की आम्हाला काळजी वाटते. आजाराशी झगडायला अंगात काही शिल्लक लागतं. आणि पायात पाणी धरलंय, म्हणून काट्यावर आकडा जास्त दिसतो. खरं वजन त्याहून कमी आहे."

सुभद्राच्या बांगड्या सैल होऊन कोपराकडे सरकत होत्या, त्या तिनं मनगटाशी आणल्या. गार्गीनं ते पाहिलं.

"तुम्ही काय जेवता, काकू?"

"तेच. ह्यांच्यासमोर मी येगळं कसं खाऊ?"

गार्गीनं तिलाही काट्यावर उभं केलं. आनंदराव खुर्चीतून वाकून तो आकडा बघत राहिले. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि खूप दिवसांनी नीट पाहिल्यासारखे बघतच राहिले.

घरी आल्यावर सुभद्रा स्वयंपाकघरात गेली ती बाहेर येईना. आनंदराव हळूहळू आत गेले. ती ओट्याला टेकून उभी होती.

"काहून रडून राहिली वं?"

"मी तुमाले उपाशी ठेवलं. माह्या हातानं."

"तू भेलेली होती. मीबी भेलो होतो," ते म्हणाले. "मले वाटे, एक घास जास्त गेला तर परत तसंच छातीत दुखन. तुले सांगितलं असतं तर तू अजून भेली असती. मंग भूक नाही म्हणून देत होतो."

"खरंच लागत नव्हती?"

"अर्धी खोटी, अर्धी खरी. त्या दुधीले पाहून कोणाले भूक लागन?"

ती रडता रडता हसली. त्यांनी स्वतःच कढई काढून शेगडीवर ठेवली. "थोडं जिरं टाक आज," ते म्हणाले.

मग घरचं जेवण बदललं. एकदम भरलेलं ताट नाही, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. घट्ट वरण, मुगाचं धिरडं, वाटीभर दही, सकाळी अंडं. मीठ कमीच राहिलं. त्याची उणीव लिंबू, लसूण आणि कोथिंबीर भरून काढू लागली. पाणी उतरायच्या गोळीनं पाय हलके झाले. रोज सकाळी दोघं आळीपाळीनं काट्यावर उभे राहत. गार्गीनं बजावलं होतं, हळूहळू वाढलं तर चांगलं, दोन-तीन दिवसांत एकदम वाढलं तर ते पाणी, लगेच फोन करा.

हिवाळ्यात एका लग्नात आनंदरावांनी पापड-लोणच्यावर हात मारला. नंतर काटा चढलेला पाहून सुभद्राचा चेहरा क्षणभर उजळला. मग ती खाली बसली, त्यांच्या घोट्यावर बोट दाबलं आणि फोनकडे गेली. डॉक्टरांनी गोळी वाढवली. भरती व्हावं लागलं नाही.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हृदय जवळपास तेवढंच अशक्त आहे. पण माणूस सावरलाय." हलका व्यायामही करा म्हणाले, दोघांनीही.

त्यामुळे हल्ली सकाळी त्यांच्या अंगणात पीटी सरांचा आवाज पुन्हा ऐकू येतो, पहिल्याच्या निम्मा. ते खुर्चीत बसून पाण्याच्या दोन बाटल्या वर-खाली करतात. समोर सुभद्रा पदर खोचून उभी असते, तिच्याही हातात दोन बाटल्या.

"हात सरळ ठेव," ते म्हणतात.

"सरळच तर आहे."

"शाळेत असती तर मैदानाले चक्कर मारायले लावली असती तुले."

"मंग वरण कोणी लावलं असतं?" ती विचारते, आणि हात सरळ करते.