पेटीची किल्ली

आपल्याकडे नारळ फुटल्याशिवाय कुठलीच गोष्ट सुरू होत नाही. बोअरला पाणी लागलं की नारळ, नवा ट्रॅक्टर आला की नारळ. मग शाळेत तक्रारपेटी बसवायची म्हटल्यावर हार, शाल आणि फोटोवाला आलाच. संयोगिताचं चुकलं ते इथंच. पण त्या दिवशी ती चूक कुणालाच वाटली नाही, तिला स्वतःलासुद्धा नाही.

विट्याजवळच्या एका गावात ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवायची. मुलांचं लैंगिक शोषण कसं ओळखायचं, कसं थांबवायचं याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण जूनमध्ये इस्लामपूरला झालं. बाकीचे गुरुजी सही ठोकून चहापुरते थांबले. ही वेडी पहिल्या रांगेत बसून वही भरत राहिली. त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीतलाच असतो, या वाक्याखाली तिनं लाल पेनानं रेघ ओढली. पेटीची किल्ली मुख्याध्यापकांकडे ठेवायची आणि दर शनिवारी चारचौघांदेखत पेटी उघडायची, हेही उतरवून घेतलं. परत आल्यावर तिनं वर्गात चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श शिकवला, कुठंही न अडखळता. कुणी त्रास दिला तर चिठ्ठी टाका, नाव लिहू नका, मी वाचीन, असं पोरींना सांगितलं. वाचीन म्हणून शब्दच दिला होता तिनं.

पेटी दिली लालासाहेबांनी. कोइमतूरला त्यांचं सोनं गाळायचं दुकान. ते आता मुलगा बघतो आणि लालासाहेब गावात राहून मान घेतात. शाळेची फरशी त्यांची, शाळा समितीचं अध्यक्षपद त्यांचं, आणि मुलांना प्यायला फिल्टरचं पाणीही त्यांच्याच बंगल्यातलं. बंगला शाळेसमोर, रस्ता ओलांडला की आलाच. रोज एक मुलगी जाऊन कॅन भरून आणायची. पूर्वी त्याच त्या गरीब घरच्या पोरी राबायच्या. ते संयोगिताला खुपलं, म्हणून तिनं पाण्याचा तक्ता केला. प्रत्येकीला एक वार, रंगीत स्केचपेननं, रेघा मारून. पाणी आणलं की नावापुढं बरोबरची खूण. अक्षर तर तिचं मोत्यासारखं.

उद्घाटनाच्या दिवशी मुख्याध्यापक दादासो सरांनी तिला बाजूला घेतलं. एवढी पेटी देणाऱ्या माणसाला नुसता नारळ देऊन पाठवणं बरं दिसत नाही, किल्ली मानानं त्यांच्याकडेच ठेवू, असं त्यांचं म्हणणं पडलं. वहीत वेगळं लिहिलंय, हे तिला आठवलं. पण मांडवात पन्नास माणसं बसलेली, लालासाहेब फेटा बांधून समोर. अशा वेळी नियम काढणारी बाई आगाऊ ठरते. तिनं किल्लीला हळदकुंकू लावलं, तबकात ठेवली आणि आपल्या हातानं पुढं केली. टाळ्या पडल्या.

त्यानंतर दर शनिवारी लालासाहेब कडक इस्त्रीच्या कपड्यांत यायचे, कुलूप काढायचे आणि पेटी सगळ्यांसमोर उलटी धरायचे. "बघा, काय बी न्हाई. आपली शाळा चांगली हाय," म्हणायचे. रजिस्टरवर 'निरंक' लिहून सगळ्यांच्या सह्या व्हायच्या. संयोगितालाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. किल्ली आठवडाभर त्यांच्या खिशात असते आणि ते रोज सकाळी शाळेच्या पटांगणातूनच फिरायला जातात, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकत्र करून बघाव्यात असं मात्र कुणालाच वाटलं नाही.

समीक्षाचा वार मंगळवार. मेंढपाळाच्या घरातली पोर, वस्ती गावाबाहेर. आई नाही. बाप तानाजी लालासाहेबांच्याच दुकानात कोइमतूरला, त्यामुळे घरात ती आणि आजी बयाबाई. सुरुवातीला वर्गात तिची टकळी थांबायची नाही. दिवाळीनंतर ती गप्प झाली. मंगळवार आला की तिचं पोट दुखायचं. संयोगितानं दोनदा घरी पाठवलं, तिसऱ्यांदा तिला ही कामचुकारी वाटली. ती रागावली, तुझा वार आहे तर तूच जायचं, असं सगळ्या वर्गासमोर म्हणाली.

समीक्षा रिकामा कॅन घेऊन दारात उभी राहिली.

"बाई, मी तीन चिठ्ठ्या टाकल्या. तुमी वाचल्या न्हाईत व्हय?"

संयोगिता तिच्याजवळ गेली आणि तिनं हळू आवाजात विचारलं, काय लिहिलं होतंस.

"मला पाण्याला धाडू नगा, एवढंच." मग खाली बघत ती म्हणाली, "त्यास्नी घावल्या. त्यांनी मला वाचून दावल्या."

संयोगितानं पोरीच्या हातातला कॅन काढून घेतला. तुझी काही चूक नाही, माझा तुझ्यावर विश्वास आहे, असं ती म्हणाली, अगदी वहीत होतं तसं. म्हणताना तिला स्वतःचीच शरम वाटली. समीक्षानं फक्त पुढच्या मंगळवारचं विचारलं. नाही जायचं, कधीच नाही, असं संयोगितानं सांगितलं.

तिनं जाऊन सगळं सांगितलं तेव्हा दादासो सरांनी कानांवर हात ठेवले. पोरीच्या अब्रूचा विचार करा म्हणाले, समितीपुढं मांडू म्हणाले. समितीचा अध्यक्ष कोण, याची आठवण तिनं करून दिली तेव्हा ते खिडकीबाहेर बघायला लागले.

तिनं सरळ पोलिसांकडे जायला हवं होतं. वहीत तेच लिहिलं होतं. पण आधी घरच्यांच्या कानावर घालावं, त्यांना जगाकडून कळू नये, ही आपली रीत. म्हणून शाळा सुटल्यावर ती वस्तीवर गेली. बयाबाईनं सगळं ऐकलं आणि खाली वाकून तिचे पाय धरले.

"आवं बाई, माझा ल्योक त्यांच्या दारात हाय. पोरीचं नाव घिऊ नगा."

मला सांगावंच लागेल, कायदाच तसा आहे, असं संयोगिता म्हणाली. म्हातारीनं मान हलवली. तो होकार होता असं संयोगिताला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या बाई फौजदारांनी घड्याळाकडं न बघता सगळं ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली आणि साध्या कपड्यांत तिच्याबरोबर वस्तीवर आल्या. बयाबाई उंबऱ्यात बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"पोरगी बापाकडं गेली," ती म्हणाली. "रातच्याला मी त्यांच्याकडं माफी मागाय गेलते. ल्योकाला कामावरनं काडू नगा म्हनलं. ते म्हनले, पोरीला बापाजवळच ठिवा. फाटंला त्यांची गाडी निगाली, सूनबाई हुत्या गाडीत. त्यांच्यासंगच धाडली."

बाप तिथं कुठं राहतो, असं फौजदारबाईंनी विचारलं.

"दुकानाच्या माडीवर. समदी त्यांचीच जागा हाय."

फौजदारबाई बाजूला जाऊन फोनवर फोन करत राहिल्या. कोइमतूरच्या पोलिसांना कळवलंय, गाडीचा नंबरही दिलाय, पण पोहोचेपर्यंत काय सांगणार, असं त्या परत येऊन म्हणाल्या. संयोगिता तिथंच मातीत बसली. पोरीला पाण्याला जाऊ नको म्हणून सांगितलं होतं तिनं, आणि पोरगी त्या माणसाच्याच गाडीतून त्याच्याच घरी निघाली होती.

मग दोघी शाळेत आल्या. चिठ्ठ्या मिळणं शक्यच नव्हतं. रजिस्टर काढलं तर सगळ्या शनिवारांपुढं निरंक आणि प्रत्येक ठिकाणी संयोगिताचीही सही. मुलगी त्या बंगल्यात जात होती, एकटी जात होती, याचा काही कागद आहे का, असं फौजदारबाईंनी विचारलं.

संयोगितानं भिंतीवरचा तक्ता काढून दिला. मंगळवारच्या रकान्यात समीक्षाचं नाव होतं, आणि नावापुढं हिरव्या स्केचपेननं ओळीनं सतरा खुणा.

"अक्षर कुणाचं आहे हे?"

"माझं," संयोगिता म्हणाली.