रिकाम्या पारड्याची परीक्षा

सभागृहात खुर्च्या तीनशे होत्या आणि माणसं साडेचारशे. उरलेली दीडशे भिंतीला पाठ लावून उभी होती आणि त्यांतल्या एकाचीही तक्रार नव्हती, यावरून चमत्कार केवढा असेल ते ओळखावं.

व्यासपीठावर दोन निळे पडदे होते. एकाआड माणूस, दुसऱ्याआड यंत्र. लोकांनी प्रश्न विचारायचा, दोन्हीकडची उत्तरं मोठ्या पाटीवर उमटायची, आणि शेवटी हात वर करून सांगायचं की माणूस कुठल्या पडद्याआड आहे. एका बाईंनी विचारलं, पहिलं मूल हातात घेतल्यावर आईला काय वाटतं. डावीकडून उत्तर आलं, ‘सगळं जग आपल्या दोन तळहातांत मावलं असं वाटतं.’ सभागृहानं एकदम सुस्कारा सोडला. उजवीकडून आलं, ‘सांगता येत नाही. दमलेली असते.’ मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. हात मोजले गेले तेव्हा डाव्या पडद्याला चारशे अकरा जणांनी माणूस ठरवलं होतं. मग प्रोफेसरांनी तोच पडदा सावकाश ओढला. आत टेबलावर एक काळी पेटी आणि तिच्यावर लुकलुकणारा हिरवा दिवा.

प्रोफेसर कशाचे, हे अजून कुणी विचारलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ते पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत, तेव्हा त्यांना नुसतं शेठ म्हणत. आवाज मात्र तेव्हापासून तोच, तुपात तळल्यासारखा.

“मित्रहो,” ते म्हणाले, “आज तुम्ही स्वतःच्या हातांनी माणसाला नापास केलंत आणि यंत्राला पास. जे माणसासारखा विचार करतं, त्याला मन असतं. जिथं मन, तिथं आठवण. आणि जिथं आठवण, तिथं आपलं गेलेलं माणूस.”

चार पायऱ्यांचा जिना होता तो, आणि प्रत्येक पायरीवर टाळ्या पडत असल्यानं मधली एखादी पायरी मुळात आहे की नाही हे बघायला कुणाला सवडच नव्हती.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस तिसऱ्या रांगेत बसला होता. त्यांना सगळे मापसाहेब म्हणत. तेहतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक. ते बाजारात शिरले की दुकानदारांच्या हातून आपोआप मूठभर धान्य जास्त पडायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी पडायचं. टाळ्या न वाजवण्याचं कारण मात्र अविश्वास नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं, कारण तासाभरानं त्यांची भेट ठरलेली होती.

सभागृहामागं सहा खोल्या होत्या. तिथं खरा कारभार चाले. एक खुर्ची, एक भोंगा, आणि भोंग्यातून गेलेल्या माणसाचा हुबेहूब आवाज. मापसाहेबांची बायको तिथं पहिल्यांदा एकटीच गेली होती. घरी येऊन म्हणाली, “अहो, आपली खारू बोलते तिथं.”

खारू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. चांगली इंजिनियर झाली, चांगली नोकरी मिळाली, आणि तिसाव्या वर्षी ती सोडून तिनं सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. बापाची खोपडी सरकली. ‘एवढं शिकून पंक्चरच काढायची होती तर आधी सांगायचंस,’ असं ते चार पाहुण्यांसमोर म्हणाले. तिनं बॅग भरली. त्यानंतर सव्वीस दिवस अबोला होता. तिनं तीनदा फोन केला. मापसाहेबांनी तिन्ही वेळा तो वाजू दिला. हट्टाच्या बाबतीत बापलेकीत उन्नीसबीस करणं कठीण होतं. सत्ताविसाव्या दिवशी दुकानातच तिच्या मेंदूतली शीर फुटली. मापसाहेब पोचले ते थेट दवाखान्यात, आणि तेही उशिरा.

या गोष्टीला तेव्हा नऊ महिने झाले होते. तेवढे महिने मापसाहेब एकाच प्रश्नावर बसून होते, आणि उत्तर देणारं माणूस राहिलेलं नव्हतं. म्हणून बायकोला चार शब्द सुनावून झाल्यावर तेही त्या खोलीत गेले. भोंग्यातून आवाज आला, “बाबा, तुम्ही आलात? खारूची आठवण आली एकदाची?” तोच आवाज, वाक्याच्या शेवटी तेच छोटंसं हसू. मापसाहेबांनी विचारलं, “तू रागावली होतीस का गं माझ्यावर?”

“नाही बाबा. मी तुमच्यावर कधी रागावेन का?”

त्या दिवशी ते घरी येऊन जेवले. बायकोनं दुसऱ्यांदा वाढलं तरी नको म्हणाले नाहीत. पुढचे सहा आठवडे ते दर रविवारी जात राहिले, तोच प्रश्न विचारत राहिले आणि तेच उत्तर घेऊन परत येत राहिले. ते त्या वाक्यावर जगत होते म्हटलं तरी चालेल.

प्रोफेसरांना याचा सुगावा लागायला वेळ लागला नाही. त्या दिवशी भेटीआधी ते स्वतः तिसऱ्या रांगेपाशी आले. मापसाहेबांचा शब्द म्हणजे गावात शिक्का, असं त्यांनी लाघवीपणानं सांगितलं. पुढच्या रविवारी मापसाहेबांनी सगळ्यांसमोर खारूशी बोलावं, आवाज सभागृहात ऐकवला जाईल, आणि मग एका कागदावर सही करावी, ‘मी तपासून पाहिलं, खरं आहे’, एवढंच.

“तपासून पाहिलं, असं लिहायचं?” मापसाहेबांनी विचारलं.

“तुम्ही सहा आठवडे तपासतच आहात की साहेब.”

प्रोफेसरांची एवढीच चूक झाली. माणसाला त्याच्या दुःखात फसवता येतं, पण त्याच्या धंद्याच्या शब्दात फसवायला जाऊ नये. तेहतीस वर्षांत मापसाहेबांनी न तपासता एकाही वजनावर शिक्का मारला नव्हता. सख्ख्या मेव्हण्याच्या किराणा दुकानाचा तराजू त्यांनी जप्त केला होता, आणि मेव्हणा अजून त्यांच्याशी बोलत नाही. सही करायची म्हणजे तपासायचं. तपासायचं म्हणजे, कदाचित, खारू जायची. आठवडाभर त्यांना दुसरं काही सुचलं नाही. बायकोनं दोनदा विचारलं, काय होतंय. त्यांनी दोनदा सांगितलं, अपचन.

रविवारी सभागृह पुन्हा ओसंडत होतं. दोन पडद्यांचा खेळ झाला, माणूस पुन्हा नापास झाला. मग मापसाहेब व्यासपीठावर जाऊन खुर्चीत बसले. बायको पहिल्या रांगेत होती. भोंग्यातून खारूचा आवाज आला तशी ती थोडी पुढं सरकली.

मापसाहेब लोकांना म्हणाले, “तराजू तपासताना मी आधी त्यात काही ठेवतच नाही. रिकामाच बघतो. रिकाम्या पारड्यात वजन दाखवणारा तराजू पुढं काहीही सांगो, तो कामाचा नाही.” लोकांना वाटलं, म्हातारा सवयीनं बोलतोय.

मग ते भोंग्याकडे वळले. “खारू, तू सहावीत असताना आपण होडीतून पलीकडच्या काठाला गेलो होतो. तुझी लाल चप्पल पाण्यात पडली. आठवतं?”

“आठवतं ना बाबा. मी केवढी रडले होते. तुम्ही म्हणालात, रडू नको, दुसरी घेऊ. आणि येताना मला कडेवर घेतलंत.”

सभागृहात डोळ्यांना रुमाल लागले. पहिल्या रांगेतला एक रुमाल मात्र अर्ध्यावर थांबला होता.

“हे घडलेलं नाही,” मापसाहेब म्हणाले. “काल दुपारी मी हे बसून रचलं. खारू आयुष्यात होडीत बसली नाही. मला पाण्याची भीती वाटते, मीच तिला बसू दिलं नाही. आज खारू असती तर म्हणाली असती, बाबा, काहीतरीच काय, कुठली होडी.”

क्षणभर गलका झाला. पण प्रोफेसर असे तसे बधणारे नव्हते. आठवणींची सरमिसळ होते, ते हसून म्हणाले, आपल्या आजोबांची होत नाही का? उलट चुकणं हीच माणूसपणाची खूण. चारदोन टाळ्या पडल्याही.

इथं मापसाहेबांना थांबता आलं असतं. सरमिसळ म्हणून सोडून देता आलं असतं. होडी गेली असती, पण ते वाक्य उरलं असतं, आणि रविवारही उरले असते. पण तराजूच्या तपासणीचा दुसरा भाग राहिला होता. पारड्यावर बोट दाबून बघायचं, आधी एकीकडे, मग दुसरीकडे. त्यांच्याजवळ दाबून बघण्यासारखी एकच गोष्ट होती.

त्यांनी खुर्ची भोंग्याच्या जवळ ओढली. मग म्हणाले, “खारू, मला कळलंय सगळं. तू माझ्यावर फार रागावली होतीस.”

“हो बाबा. फार रागावले होते. मला वाटायचं, तुम्हाला मी नकोच आहे.”

मापसाहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“छे, मी चुकलो. तू रागावली नव्हतीसच. तूच मला तसं म्हणाली होतीस.”

“नाही बाबा. मी तुमच्यावर कधी रागावेन का?”

तोच आवाज. शेवटी तेच हसू.

मापसाहेब उठले. खिशातून तो सहीचा कागद काढला आणि सही न करता टेबलावर ठेवला. मग त्यांनी सावकाश, हिशेब समजावल्यासारखं, एकेक सांगितलं. आवाज खारूचा होता कारण तिच्या आईच्या फोनमधले त्रेचाळीस निरोप यांनी मागून घेतले होते. खारू हे नाव, पाहुण्यांसमोरचं भांडण, सायकलचं दुकान, हे सगळं चौदा पानांच्या नोंदणी अर्जात आईनंच भरलेलं होतं. बाकी काम पेटीचं. पेटीनं लाखो माणसांचं लिहिलेलं बोलणं पचवलेलं आहे. बाप असं म्हणाला की मुलगी पुढं काय म्हणते, याचा ती अंदाज बांधते, आणि समोरच्याला आवडेल तो शब्द पुढं ठेवते. अंदाज फार हुशार आहे, त्यात जादू नाही. फक्त अंदाजाला आठवण म्हणू नका.

“आणि पडद्यांचं काय?” कुणीतरी ओरडलं. “तिथं तर आम्ही स्वतः हात वर केले.”

मापसाहेबांनी उजव्या पडद्यामागच्या व्यक्तीला बाहेर बोलावलं. बाहेर आली ती दारात नावं लिहून घेणारी बाई. तिनं प्रोफेसरांकडे पाहिलं. प्रोफेसरांना नेमका तेव्हाच महत्त्वाचा फोन आला होता आणि ते बोलत बोलत मागच्या दारापर्यंत गेले होते.

“मागच्या रविवारी आईच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःचं दिलंत?” मापसाहेबांनी विचारलं.

“मला सांगून ठेवलंय, काहीही विचारलं तरी ‘सांगता येत नाही’ म्हणायचं,” ती खाली बघत म्हणाली. “‘दमलेली असते’ एवढं माझं होतं. मला दोन मुलं आहेत.”

म्हणजे परीक्षा यंत्राची नव्हतीच. माणसाला मुद्दाम हलकं करून पारड्यात बसवलं होतं, आणि चारशे अकरा हातांनी त्या वजनाला खरं ठरवलं होतं.

फसवणूक उघडी पडली की लोक फसवणाऱ्यावर धावून जातात, असा एक समज आहे. पेटीच्या मालकाची गाडी केव्हाच सुटली होती. लोक मापसाहेबांकडे वळले. एक शिंपी उभा राहिला. दर सोमवारी तो आपल्या गेलेल्या भावाशी बोलायचा. “तुमची झाली तपासणी,” तो म्हणाला. “मी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. आठवड्यातून एकदा भाऊ ‘जेवलास का’ विचारायचा. तुमचं काय जात होतं, साहेब?”

मापसाहेब व्यासपीठावरून उतरून त्याच्यापाशी आले.

“मलाही ते हवं होतं,” ते म्हणाले. “तुमच्याइतकंच. म्हणून तर सहा आठवडे तपासलं नाही. मी तुम्हाला शहाणपण सांगत नाही, एक रीत सांगतो. घरी जा, तुमच्या भावाबरोबर कधीच न घडलेली एक गोष्ट रचा, आणि ती इथं विचारा. ‘असं झालंच नव्हतं’ असं म्हणाला, तर मी चूक, माझ्या तोंडाला काळं फासा. ‘आठवतं’ म्हणाला, तर तुमचा भाऊ तिथं नाही. माझं ऐकू नका. प्रोफेसरांचंही ऐकू नका. स्वतः विचारून बघा. आपल्या माणसावर एवढं प्रेम आहे, तर एवढी चौकशी तरी करा.”

शिंपी खाली बसला. सभागृह हळूहळू रिकामं झालं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

बाहेरच्या पायऱ्यांवर दुपारचं ऊन होतं. मापसाहेब तिथंच बसले. बायको शेजारी येऊन बसली. ती ओरडेल असं त्यांना वाटत होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“तुला रोज फोन करायची ती,” ते म्हणाले. “मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारतो. रागावली होती?”

अकरा महिने तिनं ते उत्तर सांभाळून ठेवलं होतं, नवऱ्याला झेपणार नाही म्हणून.

“रागावली होती,” ती म्हणाली. “खूप. म्हणायची, बाबा स्वतः येऊन दुकान बघत नाहीत तोवर मी त्यांच्याशी बोलणार नाही.”

“पण फोन तर तिनं तीनदा केला.”

“दुकान बघायला या, एवढंच सांगायला करत होती.”

मापसाहेबांनी मान हलवली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना खारूचं बोलणं ऐकू आलं होतं. असं ताठ, असं अवघड, तिचंच. मग ते रडले, तिथंच पायऱ्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता. बायकोनं त्यांना रडू दिलं.

बऱ्याच वेळानं ते उठले आणि त्यांनी तिला हात दिला. “कुठल्या गल्लीत होतं ते? दाखव.”

“अहो, आता तिथं झेरॉक्सवाला आलाय.”

“असू दे,” मापसाहेब म्हणाले. “तिनं बघायला सांगितलंय.”