उन्हातलं बाकडं

बाकडं करायचं ठरलं त्याला नऊ दिवस झाले होते, आणि त्या नऊ दिवसांत तिच्या अंगाला उन्हाचा स्पर्शसुद्धा झाला नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं अगदी साधं. न्यूमोनियातून उठलेलं शरीर आहे, फुफ्फुसं अजून नाजूक आहेत, रोज सकाळी तासभर बाहेर उन्हात बसा. स्वयंपाकघराच्या दारामागे एवढंसं अंगण होतं. तिथे नऊ ते साडेअकरा ऊन यायचं, तेही चटईएवढ्या जागेत. पहिल्या दिवशी नवऱ्याने घरातली खुर्ची तिथे नेऊन ठेवली. ती बसली, खुर्चीचा मागचा पाय मऊ मातीत रुतला आणि खुर्चीसकट ती भिंतीवर कलंडली. लागलं काहीच नाही, पण नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"थांब," तो म्हणाला, "मी तुला बाकडंच करून देतो. ऐसपैस. पाठ टेकायला, हात ठेवायला, सगळं."

दुसऱ्याच दिवशी हातगाडीवरून सात पॅलेट आले. गोदामात मालाच्या खोक्यांखाली असतात ना, त्या लाकडी चौकटी. गोदामवाला ओळखीचा, त्याने फुकट दिले. आणि ते सातही नेमके त्या चटईएवढ्या उन्हात रचले गेले. करवत चालली की भुसा उडायचा, भुशाने तिला खोकल्याची उबळ यायची, म्हणून मागचं दार बंद. ज्या उन्हासाठी हा खटाटोप, त्यालाच कडी लागली.

ती खिडकीच्या काचेतून बघत बसायची. बावीस वर्षं तिने कपड्यांच्या कारखान्यात कापड कापलं होतं. शंभर थरांवर एकदा खडू फिरवायचा आणि एकदा कापायचं यंत्र. चुकलं तर शंभर शर्ट वाया. तिच्या हाताखालून एक सूत इकडचं तिकडे झालं नव्हतं. आणि इथे हा तिचा नवरा. घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचणं हे त्याचं काम. लोकांच्या मीटरचा शेवटचा आकडा तो कधी चुकला नाही, पण घरची टेप हातात आली की उलट्या टोकाकडून वाचायचा.

पॅलेट सोडवताना खिळ्यांची डोकी तुटायची आणि धडं लाकडातच राहायची. पहारीने जोर दिला की फळी उभी चिरायची. चार पाय कापले, तर एक लांब निघाला. तो छाटला, तर दुसरा लांब वाटायला लागला. चारही सारखे करता करता बाकड्याचा पाट व्हायची वेळ आली. मग नवे पाय, पुन्हा पहिल्यापासून.

ती काचेवर टकटक करायची. "अहो, पाय नुसते ठोकून उभे राहायचे नाहीत. मध्ये तिरकी पट्टी घाला."

"तू पड बघू," तो बाहेरून म्हणायचा. "तू काही डोक्याला त्रास करून घेऊ नकोस."

हे 'तू पड' ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जागी असली तरी पड, भूक लागली तरी पड. एकोणीस दिवस दवाखान्यात पडूनच तर होती. त्यात शेजारचे मास्तर रोज कुंपणावरून मान वर करून विचारायचे, "काय हो, बाकडं की मचाण?" आणि नवरा त्यांच्याशी अर्धा तास स्क्रूच्या लांबीवर बोलायचा. तिच्याशी दोन मिनिटं नाही.

नवव्या दिवशी सकाळी दार उघडलं. "चल," तो म्हणाला. अंगावर भुसा, बोटाला चिंधी, चेहरा मात्र खुललेला. "आधी मी बसून दाखवतो."

तो बसला. पाठ टेकली. तिच्याकडे बघून हसला आणि बाजूला सरकला. बाकडंही त्याच्याबरोबर सरकलं. चारही पाय एकाच दिशेला कलले, काड्कन आवाज झाला आणि तो फळ्यांसकट जमिनीवर आला.

कुंपणापलीकडून मास्तरांचं डोकं वर आलं आणि तिचा चेहरा बघून लगेच खाली गेलं.

"मी सांगत होते!" ती ओरडली. "पहिल्या दिवसापासून सांगत होते, तिरकी पट्टी घाला! पण माझं ऐकायचंच नाही. माझ्यासाठी म्हणे बाकडं! नऊ दिवस मला आत कोंडून ठेवलंत. ऊन तुम्ही खाताय, मी नुसता आवाज ऐकतेय. मी काय..."

पुढचं वाक्य निघेना. श्वास छातीतच अडकला. तिने चौकट धरली. तो फळ्या तुडवत धावला, तिला उंबऱ्यावर बसवलं, पाणी आणलं. पेला तिच्या हातात देताना अर्धं पाणी त्याने तिच्या पदरावर सांडलं.

बऱ्याच वेळाने तिचा श्वास ताळ्यावर आला. तो खालीच बसला होता, मातीत.

"आत असलो ना, की तुझा श्वास मोजत बसतो," तो म्हणाला. "कामच सुचत नाही दुसरं. बाहेर निदान हातोडीचा आवाज तरी असतो."

हे तिला माहीत नव्हतं. पण म्हणून राग उतरला, असंही नाही.

"म्हणजे तुम्हाला भीती वाटू नये म्हणून मी काचेआड बसायचं?"

तो बोटाची चिंधी सोडून पुन्हा गुंडाळत बसला.

"ती लाकडं तिकडे सावलीत ओढा," ती म्हणाली. "मोरीतली मोठी बादली आणा आणि इथे उन्हात उपडी घाला. माझा खडूही आणा, शिवणाच्या डब्यात आहे."

"अगं, पण भुसा..."

"नाकाला रुमाल बांधते. आणा."

पुढचे तीन दिवस ती बादलीवर बसून खुणा करत होती आणि तो त्यावरून करवत चालवत होता. भांडण रोज झालं. "खुणेच्या बाहेरून कापा, खुणेवरून नाही!" "एका रेघेने काय होतंय?" "शर्टाची बाही लटकते!" पण तिरक्या पट्ट्या बसल्या आणि तिने दोन्ही हातांनी हलवूनही बाकडं जागचं हललं नाही.

चौथ्या दिवशी ती त्यावर बसली. पाय जमिनीला नीट टेकले, पाठीला उतार अचूक. तासभर डोळे मिटून ऊन घेतलं. मग उठायला गेली, तर उठताच येईना. बाकडं ठेंगणं झालं होतं. उंची तिनेच काढली होती, आपल्या गुडघ्यापासून, मोठ्या रुबाबात. बसणाऱ्याचं माप घेतलं आणि आजाराने पाय लटपटणाऱ्या बाईला उठायचंही असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. दोनदा जोर केला, दोनदा परत बसली. डोळ्यांत पाणी आलं, ते निव्वळ चिडीचं. बावीस वर्षांत हे झालं नव्हतं.

नवरा समोरच उभा होता. आता हा बोलणार, या तयारीने तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नुसते दोन्ही हात पुढे केले.

"बोला ना," ती म्हणाली.

"काय बोलू? ऊठ."

संध्याकाळपर्यंत त्याने चारही पायांखाली एकेक वीट सरकवली. दिसायला ते ध्यान झालं. मास्तरांनी काही विचारलं नाही, नुसते खोकले.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या आपण बसली, एकदा आपल्या आपण उठली आणि पुन्हा बसली. बाकड्याचा डावीकडचा हात ठोकायचा तेवढा राहिला होता. तो फळी घेऊन आला, दोन खिळे ओठांत धरले, हातोडी उचलली. ती मान मागे टाकून झोपी गेली होती, तोंड किंचित उघडं. तो तसाच उभा राहिला, खिळे ओठांत धरून, साडेअकरापर्यंत.