ट्यूबांच्या खोक्यातला पंप

हसणार नसाल तर सांगतो. मी एक पंप आहे, पण हवा भरणारा नव्हे, ओढून घेणारा. एक पारदर्शक नळी, वर हाताने दाबायचा दट्ट्या आणि रबराच्या दोन कड्या, एवढाच माझा संसार. ज्या पुरुषाला ताठरता येत नाही, त्याचं रक्त मी त्या जागी ओढून आणतो आणि कडी ते थोडा वेळ धरून ठेवते. गोळी नाही, सुई नाही. यात लाजायचं काय, ते मला अजून कळलेलं नाही.

माझा मालक सायकली दुरुस्त करतो. साखरेच्या आजारामागोमाग हे दुखणं आलं. हृदयाचं औषध चालू, म्हणून डॉक्टरीणबाईंनी यावर गोळी दिली नाही. रोज चाला म्हणाल्या, तंबाखू सोडा म्हणाल्या, ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम दाखवला आणि मला लिहून दिलं. वर म्हणाल्या, पुढच्या वेळी बायकोला घेऊन या. तेवढं सोडून त्याने सगळं ऐकलं.

आणि पहिल्याच दिवशी पठ्ठ्याने काय करावं? पंक्चर शोधतात तसं मला पाण्याच्या घमेल्यात बुडवलं, हवा कुठून निसटते का बघायला! हाताची सवय, दुसरं काय. माझ्या झडपेत पाणी शिरलं आणि ओढ संपली. दट्ट्याला पाणी लावू नका, असं माझ्यासोबत आलेल्या कागदावर ठळक लिहिलेलं होतं. पण वाचतो कोण? दोनदा वापरून त्याने ठरवून टाकलं, की आपल्यावर आता काहीच लागू पडत नाही. अरे बाबा, बिघाड माझ्यात आहे, असं ओरडावंसं वाटलं मला. पण मला कुठला आवाज!

मग मी दुकानात, जुन्या ट्यूबांच्या खोक्यात. तो घरी खोकल्याचं निमित्त काढून बाहेरच्या खोलीत झोपू लागला. दिवसभर गिऱ्हाइकांशी थट्टामस्करी चालायची. शटर आतून ओढलं की मात्र तासभर स्टुलावर बसून राहायचा, घरी जायला त्याचा पायच निघत नसे. असे आठ महिने आम्ही दोघं त्या दुकानात एकटे होतो.

एकदा तो तापाने पडला आणि दुकान बायकोने उघडलं. ट्यूब शोधताना तिच्या हाती मी लागलो. त्याच स्टुलावर बसून तिने माझ्याभोवती गुंडाळलेला तो कागद दोनदा वाचला.

घरी गेल्यावर तिने मला त्याच्यापुढे ठेवलं. तो भिंतीकडे बघत राहिला.

"अहो, मला वाटत होतं, तुम्हाला माझा वीट आलाय," ती म्हणाली.

तो म्हणाला, "मला वाटलं, तू माझी कीव करशील."

पुढच्या आठवड्यात दोघं मिळून मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी माझी झडप पाहिली आणि घमेल्याची गोष्ट ऐकून त्यांना हसू आवरेना. तोही हसला, मग डोळे पुसू लागला.

आता नवा पंप त्यांच्या पलंगाशेजारच्या खणात असतो. खोकला बरा झालाय म्हणे. सकाळी दोघं चालायला जातात.

मी पुन्हा खोक्यात आहे, कुणी टाकूनही दिलं नाही. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद लपवलेला असेल, तर आधी बायकोला दाखवा. आठ महिने फार होतात हो.

स्टूल आता रिकामं असतं. दुकान वेळेवर बंद होतं, तो घाईने घरी जातो, आणि मग इथे मी एकटाच उरतो.