दोनशे बारावी काच

मित्रांनो, माझ्याविषयी दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. मी एका डोळ्याचा जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि मी मत्सरी आहे. पहिली गोष्ट बघताक्षणी कळते. दुसरी वरून दिसत नाही, म्हणून सांगावी लागते.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. पितळी नळी, बिडाचा जड पाय, तीन भिंगं आणि खाली बोटभर दांडीवर फिरणारा गोल आरसा. मला वीज लागत नाही. आरसा उजेडाकडे वळवला की उजेड काचेतून वर चढतो, आणि माझ्या डोळ्याला डोळा लावणाऱ्याला हजारपट मोठं जग दिसतं. १९७९ साली गवत भरलेल्या खोक्यातून मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहानशा आरोग्य केंद्रात आलो. अहेरीहून एसटीने दोन तास, आणि पुढे नाला ओलांडून पायी. तिथल्या पूर्वेकडच्या खिडकीत माझं टेबल होतं.

१९८४ साली खुशालभाऊ तिथे तंत्रज्ञ म्हणून आले. आमच्या भागात पावसाळा सरला की हिवताप गावंच्या गावं धरून बसे. खुशालभाऊ सायकलने गावोगाव जात, तापलेल्या माणसाच्या डाव्या हाताच्या अनामिकेला सुई टोचत आणि रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून आणत. मग रंगाच्या दोन बाटल्या, पाण्याची धार, तेलाचा एक थेंब, आणि मी. तांबड्या पेशीच्या आत निळी अंगठी दिसली, अंगठीवर लाल खडा दिसला, की तो हिवताप. अशा अंगठ्या आम्ही दोघांनी किती पाहिल्या याची गणती नाही.

त्यांचा एकच नियम होता. काच ज्या क्रमाने आली, त्याच क्रमाने बघायची. एकदा एका बड्या माणसाचा जावई तापला, तेव्हा त्याची काच आधी बघा म्हणून जीप घेऊन माणसं आली. खुशालभाऊंनी नोंदवही उलटी करून त्यांना नंबर दाखवला. जीप गेल्यावर आमचा शिपाई लटारू म्हणाला, "भाऊ, उद्या तुमीच बिमार पडले, त सोताची काच बी लाइनीत लावसान का जी?"

"लावीन," खुशालभाऊ म्हणाले. "माह्यं रक्त काई वरच्या दर्जाचं हाये का?"

लटारू हसला. मीही मनात हसलो.

रविवारी त्यांची मुलगी रुपाली डबा घेऊन येई. ते तिला स्टुलावर उभं करत. "अंगठी दिसली का?" एक हात तिच्या डोक्यावर, दुसरा माझ्या स्क्रूवर. सहा वर्षांची ती पोर माझ्या डोळ्याला डोळा लावून "दिसली, बाबा!" म्हणून ओरडे, आणि ते तिच्याकडे बघून हसत. तिला अंगठी दाखवली होती कोणी? मी. हसू मात्र तिला. माझ्या मत्सराची सुरुवात तिथली आहे.

पण तो मत्सर कोवळा होता. खरा मत्सर मला १९९६ साली कळला. त्या वर्षी दोन डोळ्यांचा नवा सूक्ष्मदर्शक आला. पांढरा, गुळगुळीत, पोटात दिवा असलेला. खुशालभाऊंनी दोन्ही डोळे लावून त्यात पाहिलं आणि म्हणाले, "वा रे बापा! मान नाई दुखत याच्यानं."

बारा वर्षं माझ्यावर वाकून त्यांची मान दुखत होती, हे मला त्या दिवशी समजलं. मला काचेच्या दाराच्या कपाटात ठेवण्यात आलं. तिथून टेबल नीट दिसे. ते नव्यावर वाकत, त्याला मऊ फडक्याने पुसत, संध्याकाळी त्याच्यावर झाकण घालत. माझ्यावर झाकण नव्हतं. दोन पावसाळे माझ्या भिंगांनी दमट हवा प्यायली. मोठ्या भिंगावर बुरशीचं बारीक जाळं आलं आणि स्क्रूमधलं वंगण सुकून गोंद झालं. मी दिवसभर एकच इच्छा करत असे, की त्या दोनडोळ्याचं काहीतरी बिघडावं.

१९९८ च्या ऑक्टोबरात माझी इच्छा पुरी झाली. तारा तुटल्या आणि वीज गेली. नव्याच्या पोटातला दिवा विझला. महिन्याच्या पहिल्या काचेपासूनचा ढीग वाढत गेला.

सोमवारी दुपारी खुशालभाऊ नाल्यापलीकडच्या एका जंगलगावाहून परतले. लटारू जेवायला घरी गेला होता. खुशालभाऊ खुर्चीवर बसले, खूप वेळ बसले. मग त्यांनी सुई काढली आणि स्वतःच्या अनामिकेला टोचली. थेंब काचेवर पसरला, वाळवला, कडेला पेन्सिलने नंबर घातला. दोनशे बारा. नोंदवहीत नाव लिहिलं. त्या काळी निकालाआधीच देत असत त्या हिवतापावरच्या क्लोरोक्विनच्या चार गोळ्या घेतल्या, आमच्याकडच्या जहाल तापाला त्या बऱ्याचदा पुरत नसत, आणि काच ढिगाच्या सगळ्यात खाली ठेवली.

मंगळवारी सकाळी त्यांनी सगळ्या काचा रंगवल्या. वीज नव्हतीच. मग त्यांनी कपाट उघडलं आणि मला बाहेर काढून खिडकीत ठेवलं. आरसा वळवला, पहिली काच लावली, स्क्रू फिरवला. स्क्रू फिरला नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. त्यांची बोटं गरम होती.

मित्रांनो, स्क्रू मी अडवला नव्हता, सुकलेल्या वंगणाने अडवला होता. पण तो अडला तेव्हा मला बरं वाटलं. दोन वर्षांनी आठवण झाली का, असं मला वाटलं. त्यांनी मला परत कपाटात ठेवलं.

गुरुवारी दोन तास वीज आली. त्यांनी नव्यावर वरच्या चोवीस काचा पाहिल्या. तळाच्या काचेला हात लावला नाही. शुक्रवारी ते कामावर आले नाहीत. अकराच्या सुमारास लटारू धावत आला, भिंतीला टेकला आणि म्हणाला, "भाऊ गेले." सकाळी उठले, पडले, झटके आले, आणि गाडी मिळेपर्यंत संपलं होतं.

मी एक हिशेब पुष्कळदा केला आहे. एका काचेला पाच मिनिटं. चांगला उजेड दिवसाला पाच तास. मंगळवारपासून मी नीट चाललो असतो, तरी क्रमाने दोनशे बारावी काच शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास आली असती. दोन तास उशिरा. हा हिशेब बरोबर आहे, पण त्याने माझं ओझं उतरत नाही. कारण त्या वेळी मला हा हिशेब माहीत नव्हता, आणि तरी मला बरं वाटलं होतं.

पुढचं मला लटारूच्या बोलण्यातून कळत गेलं. खुशालभाऊंनी ताप घरी सांगितलाच नव्हता. कागदावर 'हृदय बंद पडल्याने' असं लिहून आलं. त्यांची बायको गोकुळाबाई तो कागद मानायला तयार नव्हती. चालताबोलता माणूस असा जातो का? सोमवारी तो जंगलगावातल्या सोमारी नावाच्या म्हातारीकडे थांबला होता, तिच्या हातचं काहीतरी प्याला होता, एवढं तिला कळलं. तिने ते चार बायकांना सांगितलं, चौघींनी चाळिसांना. शनिवारच्या बाजारात सोमारी आवळ्यांचा वाटा लावून बसे आणि तसाच उचलून नेई. तिच्याकडून कोणी काही घेईना. एकदा तिच्या टोपलीला कोणीतरी लाथ मारली.

नवा तंत्रज्ञ आला नाही. दोनडोळ्याला दुसऱ्या केंद्रात नेलं, आणि मला आनंद झाला. न पाहिलेल्या काचांची पेटी लटारूने कपाटात, माझ्या शेजारी ठेवली. सात आठवडे मी त्या दोनशे बाराव्या काचेला खेटून उभा होतो. मला सगळं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं.

डिसेंबरात रुपाली आली. आता ती दहावीत होती.

"लटारूकाका, हृदय बंद पडून त सगळेच मरतात. बंद काऊन पडलं, हे कोनी नाई सांगत."

"मोठे लोक लिहून गेले, पोरी. आपन काय सांगाव?"

"बाबाच्या बोटाले टोचलेलं होतं. डाव्या. आंघोळ घालताना मी पाह्यलं."

"त्यायले कोन टोचन? तेच त टोचत सगळ्यायले."

"म्हनूनच त म्हन्तो मी."

लटारूने नोंदवही काढून दिली. तिने शेवटचं पान उघडलं. तिथे त्यांच्याच अक्षरात, इतरांसारखंच लिहिलेलं होतं. दोनशे बारा. खुशाल. वय एक्केचाळीस. आणि शेवटच्या रकान्यात: ताप, हो.

त्या 'हो'वर तिने बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"काच हाये, पन दुर्बीण गेली ना," लटारू म्हणाला.

"ही हाये." तिने कपाटाच्या काचेतून माझ्याकडे बोट केलं.

"हा बुढा? याले त मोतीबिंदू झाला असन."

दुसऱ्या दिवशी ती घरून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आली. माझ्या सांध्यात दोन-दोन थेंब सोडले. वडिलांनी शिकवलं होतं तसं स्पिरिटमध्ये मऊ कापूस भिजवून मोठं भिंग पुसलं, घासलं नाही, नुसतं पुसलं, दहा वेळा. दुपारपर्यंत स्क्रू हलला. तिने मला खिडकीत ठेवलं, आरसा वळवला, तेलाचा थेंब टाकला आणि ती काच लावली.

जिच्या डोक्यावरच्या हाताचा मी इतकी वर्षं हेवा केला, तिचा डोळा माझ्या डोळ्याला लागला. बुरशीचे डाग कडेला राहिले होते. मी मध्ये जेवढा स्वच्छ होतो, तेवढा सगळा उजेड तिला दिला.

जिकडे पाहावं तिकडे अंगठ्या होत्या. काही पेशींत दोन-दोन. इतक्या अंगठ्या मी एका काचेवर क्वचितच पाहिल्या होत्या. ती "दिसली, बाबा" म्हणाली नाही. मोजत राहिली. शंभर पेशींत अकरा. पुन्हा मोजलं. अकरा. मग तिने मान उचलली आणि लटारूला म्हणाली, "मायले बलावून आना."

गोकुळाबाई आली ती रागावूनच. "माह्यं तेल काऊन आनलं इथी?" तिने माझ्यात पाहिलं. "मले त कायच नाई दिसत."

"डोळा टेकव. श्वास रोख. तांबड्या टिकल्या दिसतेत का? त्यायच्यात निळी अंगठी पाह्य."

बराच वेळ गेला. मग गोकुळाबाई हळूच म्हणाली, "हे त्यायच्या आंगात होतं?"

"हो, माय."

"अन् मी त्या बुढीले..."

पुढच्या शनिवारी ती बाजारात गेली, सोमारीचे सगळे आवळे घेतले, आणि बाजार उठायच्या आत तिला इथे, माझ्या खिडकीशी घेऊन आली. सगळ्यांना दिसेल अशी, हाताला धरून. सोमारीने माझ्यात डोकावलंच नाही. ती उंबऱ्याशी टेकली.

"मले काऊन दाखवता? मले त माहीत होतं."

"काय माहीत होतं?" रुपालीने विचारलं.

"आंबील देली त हात भाजला त्याच्या हातानं. मी कपाळ पाह्यलं. चुलीसारखं. मी म्हनलं, बापा, साऱ्या जंगलाचं रक्त काढतं, एक डाव आपलं काढ. त हसला. म्हने, आज काढतो, बाई."

मग गोकुळाबाईने विचारलं, "मंग आमाले सांगतलं काऊन नाई?"

"सांगाले आली होती मी. तू मले दारात उभं राहू देलं का?"

गोकुळाबाई खाली बसली आणि तिने म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं. सोमारीने तिला उठवलं नाही, पण तिच्या पाठीवर हात ठेवला. उन्हं कलेपर्यंत त्या तशाच बसून होत्या.

मित्रांनो, त्याला नऊ वर्षं झाली. आता रक्ताचा थेंब एका कागदी पट्टीवर टाकतात आणि पंधरा मिनिटांत उत्तर येतं. त्या पट्टीचाही मला हेवा वाटतो. तुमच्या घरी, शाळेत माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र कपाटात असेल, तर त्याच्यावर फडकं झाका आणि वर्षातून दोन थेंब तेल द्या. नवं बंद पडेल त्या दिवशी ते लागणार आहे. आणि जो माणूस सगळ्यांचा ताप बघत फिरतो, त्याच्या कपाळालाही कधी हात लावून बघा. तो स्वतःची काच तळाशी ठेवतो.

मी हजारपट मोठं दाखवतो. मंगळवारी ती गरम बोटं माझ्या स्क्रूवर होती, आणि मला फक्त माझा अपमान दिसला. दोनडोळ्याचा मत्सर आता उरला नाही, रुपालीचाही नाही. पण नुसत्या स्पर्शाने त्यांचा ताप ओळखणाऱ्या त्या म्हातारीच्या तळहाताचा आहे, आणि तो जात नाही.