मागल्याची चतकोर

नवऱ्याचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही. लिहायला मात्र हात अडत नाही: खुशालराव. अक्षरं मी कापसाच्या गासड्यांवरून शिकले. अमरावतीच्या आमच्या अंगणात गासड्या रचलेल्या असत आणि ज्याच्या त्याच्या मालावर ज्याचं त्याचं अक्षर काळ्या रंगात काढलेलं असे. ह्यांच्या मालावर 'खु'. त्यामुळं लोकांची बाराखडी 'क'पासून सुरू होते, माझी 'खु'पासून.

ते गेले त्याला वर्ष झालं आणि वरसीला त्यांची ओसरीची मंडळी आली.

ही मंडळी कोण ते आधी सांगते, कारण माझं सगळं दुखणं तिथलंच. लहानपणी हे हिवरखेडाहून अकोल्याला पंतोजींकडं शिकायला गेले. तशीच आसपासच्या गावांतली आणखी काही कुणब्यांची पोरं आलेली. एका देवळाच्या ओसरीवर राहायची, एका चुलीवर भाकरी थापायची, एका घोंगडीवरून भांडायची. पुढं मोठी झाली, कोणी पाटील झाला, कोणी शेती धरली, हे अमरावतीला कापसाच्या अडतीत पडले. पण ओसरी काही सुटली नाही. वर्षातून एकदा अकोल्याला जायचंच, मग घरी कोणी आजारी असो की बाळंत. सासू, जाऊ, नणंद, सगळ्यांशी मी निभावून नेलं. ही ओसरी म्हणजे अशी सवत, की तिच्याशी भांडताही येईना आणि तिचं तोंडही दिसेना.

मग तिकडं अमेरिकेत लढाई लागली आणि आमच्या काळ्या मातीतला कापूस विलायतेला लागेल तेवढा कमी पडू लागला. लोकांना पैसा कुठं ठेवावा कळेना. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसल्या. ह्यांनी शाळेजवळ जागा घेतली आणि खेड्यातून शिकायला येणाऱ्या पोरांसाठी बिऱ्हाड बांधलं. खोल्या, विहीर, मोठी चूल. मी म्हटलं, मामंजींचं नाव द्या. हे हो म्हणाले. नाव दिलं 'ओसरी'.

तर ही मंडळी बडनेऱ्यापर्यंत आगगाडीनं आली आणि पुढं बैलांच्या दमणीत बसून. त्यांचे म्होरके तेल्हाऱ्याचे केशवराव पाटील, बरोबर त्यांची बायको शकुन. वरसीचा विधी झाला, भटजी गेले आणि मंडळी बैठकीत आठवणी काढत बसली. मी आतल्या दाराशी. आणि तिथं मला पहिला चटका बसला. खुशालराव कोणी म्हणेचना. सगळे म्हणत होते, मुंगळा.

"आपला मुंगळा असता तं," असं एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी उपरण्यानं डोळे पुसायचे. पुसता पुसता हसायचंही. मला त्यांची कुठली दाढ दुखते ते ठाऊक, कुठल्या कुशीवर घोरतात ते ठाऊक. हे नाव ठाऊक नाही. विचारावं असं तोंडाशी आलं होतं, पण विचारणं म्हणजे ह्या लोकांपुढं हार. आणि माझ्याच घरात, माझ्याच माणसावरून मी का हरायचं?

दुसऱ्या दिवसासाठी मंडळींनी सांगून ठेवलं होतं, पक्वान्न नको, ओसरीवरचं जेवण करा. झुणका आणि ज्वारीची भाकर. त्याआधी केशवराव दारापाशी आले, खाली बघून म्हणाले, "वहिनी, एक मागनं हाये. त्याची जेवायची पितळी आमाले द्या. पोरायच्या ओसरीवर ठेवून देतो. जो कोनी मागून येईन, त्याचं तिच्यात झाकून ठेवत जाऊ."

मी म्हटलं, जेवणं होऊ द्या, मग सांगते.

पितळी मागताना केशवरावांना काय माहीत, ते काय मागताहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या पितळीत जेवत आले. ह्यांचं झालं की त्यांच्याच उष्ट्या पितळीत मला वाढून घ्यायचं, ही सगळ्या घरांची रीत. पण माझ्या पितळीत एक जास्तीचं असे. हे जेवायला बसले की पहिल्यांदा भाकरीची चतकोर मोडून काठाला ठेवत. तिला झुणका लागू देत नसत. ती माझी. सासूबाईंच्या राज्यात सुनेच्या वाट्याला काय उरायचं ते सुनांना सांगायला नको. बोलून कधी लाड केला नाही ह्या माणसानं, पण ती चतकोर एक दिवस चुकली नाही. गुळाचा खडाही तसाच तिच्यावर पडलेला असायचा, पण त्याचं मला काही नव्हतं. सासूबाई जेवण झालं की ह्यांना गूळ वाढत आणि मडकं कुलपात ठेवत. हे म्हणत, "मले गूळ नाई चालत," आणि खडा बाजूला सारत. न खपलेला गूळ मी खाई. चतकोर मात्र हक्कानं खाई.

पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी मांडल्या. मी आणि शकुन वाढत होतो. मी पहिली भाकर केशवरावांना वाढली. त्यांनी चतकोर मोडली आणि पत्रावळीच्या काठाला ठेवली. पुढच्याला वाढली. त्यानंही मोडली, त्याच जागी ठेवली. मी पंगतीच्या शेवटापर्यंत गेले आणि मागं वळून पाहिलं. ज्याच्या त्याच्या पत्रावळीवर, त्याच कोपऱ्यात, माझी चतकोर.

"भाकर बरी नाई झाली का?" मी विचारलं.

"तशी गोठ नाई, वहिनी," केशवराव म्हणाले. "हे मागल्याची चतकोर. ओसरीवर कोनी ना कोनी उशिरानं मागून यायचाच. त्याच्यासाठी आधी मोडून ठेवाची, मंग घास घ्यायचा. हात असा वळून गेला की आता सुटत नाई."

मी चुलीपाशी येऊन बसले. तवा तसाच तापत राहिला. म्हणजे इतकी वर्षं मी जे खात आले ते कोणा मागून येणाऱ्या पोराचं. तो आला नाही, म्हणून मला मिळालं. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले, चांगली रागावले. मनात म्हटलं, घेऊन जा म्हणावं ती पितळी. त्यांचीच आहे, नाही तरी.

शकुन उष्ट्या पत्रावळी गोळा करून आली आणि म्हणाली, "ह्या चतकोरी गाईले टाकू का, बाई? घरी तं मी रोजची गाईलेच टाकतो."

"तू नाई खात?"

"कोरडी चतकोर कोन खाते? मले वाटे, ह्यांचं पोट भरत असन."

मी सहज म्हटलं, गूळ असतो ना तिच्यावर. शकुननं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी तुपाची धार असते म्हटलं. "गूळ? कोनाच्या घरी? आमची तं जल्मात कोरडी."

मी पदर सावरून दारात गेले. हार झाली तर झाली. विचारलं, "भाऊजी, ओसरीवर चतकोरीवर गूळ ठेवत होते का?"

सगळी मंडळीच हसली. केशवराव म्हणाले, "गूळ? मुंगळा असताना गूळ उरन? घरून भेली आली की आमी ते लपवून ठेवो. हंडीत, नाई तं देवामागं. हा बरोबर हुडके अन् फस्त करे. नाव काय उगाच पडलं? मारलं तरी सुधरला नाई. गुळासाठी तो जीव देनारा मानूस, वहिनी."

आणि घरी हाच माणूस काय म्हणत होता?

मले गूळ नाई चालत. आईच्या समोर, तोंड वाकडं करून म्हणायचे. कुलपातल्या मडक्यातला खडा सुनेपर्यंत पोचायला दुसरी वाट नव्हती. आणि सासूबाई गेल्यावर, किल्ल्या माझ्या कमरेला आल्यावरही म्हणत राहिले. मी माझ्या हातानं वाढलेला गूळही ते बाजूला सारत राहिले. आता तेव्हा कोणाचं भय होतं? एकदा बोलून गेले ते निभावत होते, की मी गूळ खाताना त्यांना बघायचं असे, हे मला आता कोण सांगणार? आणि मी त्या खड्याकडं धड पाहिलंही नाही. भाकरीवर भाळले.

केशवराव म्हणाले, "मंग पितळीचं काय करता?"

"पितळी नाई देत," मी म्हटलं. "चतकोर तुमची होती, ते मी सोडून देतो. पितळी माही."

ते बरं म्हणाले, पण मनातून खट्टू झाले. म्हणून मी कासाराकडून नवी पितळी घेतली, तिच्यावर गासड्यांवरचं 'खु' कोरवून घेतलं आणि पोरांच्या ओसरीवर पाठवली. बरोबर गुळाची ढेप. निरोप दिला, मागून येणाऱ्याच्या चतकोरीवर खडा ठेवायचा, त्याशिवाय झाकायची नाही. आता तिथं मुंगळ्याचा गूळ म्हणतात त्याला. म्हणू देत.

पुढं शकुन तिच्या लेकीच्या घरी जाताना माझ्याकडं उतरली. हातपाय धुतले नाहीत तोच सांगितलं, की आता आमचे पाटीलही चतकोरीवर गूळ ठेवतात. सांगताना नाक वर होतं. मग जरा थांबून म्हणाली, "पन बाई, मले सांगा लागलं. तुमी सांगतलं होतं का?"

मी म्हटलं, सांगून काय, न सांगून काय, गूळ तो गूळच. असं मोठ्या मनानं म्हणावं लागतं. ती आत गेल्यावर मी पितळी फडताळातून काढली आणि उगाचच पुन्हा एकदा चिंचेनं घासली.